भिंतीआडची वायर

जुन्या घरातले वायरिंग म्हणजे मीटरपासून दिव्याच्या होल्डरपर्यंत आणि प्लगच्या सॉकेटपर्यंत गेलेल्या तारा, त्यांवरचे जोड, स्विच, फ्यूज आणि जमिनीत उतरलेले अर्थिंग. घराचा सौदा चालू असतो तेव्हा क्षेत्रफळ, मजला, पाण्याची वेळ आणि कागदपत्रे यांवर तासन्‌तास बोलणे होते. छताला ओल दिसली की गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागते. वायरिंगची चौकशी मात्र एक बटण दाबून दिवा लागला की संपते. दिवा लागला म्हणून वायरिंग चांगले ठरत नाही. रबर कुजलेल्या वायरवर, टेप गुंडाळलेल्या जोडावर आणि अर्थिंगचा पत्ता नसतानाही तो तितकाच झगझगीत लागतो.

वायर जुनी झाली एवढ्यापुरताच हा प्रश्न नाही. ती ज्या भारासाठी घातली तो भारही आता राहिलेला नाही. १९७० च्या सुमाराच्या दोन खोल्यांच्या घरात चार-पाच दिवे, दोन पंखे, एक रेडिओ आणि एक इस्त्री असे. सगळे एकदम चालू केले तरी दीड किलोवॅट भरणे कठीण. त्याच घरात आज दोन किलोवॅटचा गीझर, तेवढीच इंडक्शन शेगडी, दीड टनाचा एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन येते. सकाळच्या घाईत गीझर आणि शेगडी बरोबर चालली की २३० व्होल्टवर सतरा अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. पाच अँपिअर धरून घातलेल्या वायरमधून पंधरा अँपिअर वाहू लागले तर भिंतीच्या आत काय चालले असेल, ते या हिशोबावरून कळते.

वायरिंगचे वय ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वायर पाहणे. मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. त्यानंतरच्या काळात ज्या घरांत वीज पोहोचली तिथे लाकडी केसिंग-कॅपिंग, म्हणजे खाचा पाडलेली पट्टी आणि वरून लाकडी झाकण, अशी पद्धत होती. पुढे सागवानी बॅटनवर क्लिपांनी ठोकलेली सीटीएस, म्हणजे जाड रबरी आवरणाची, वायर आली. गिरगाव-परळच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत ती अजूनही सापडते. या दोन्ही पद्धतींत तारेवरचे आवरण रबराचे असे. रबर पंचवीस-तीस वर्षांत कडक होते, नंतर त्याला भेगा जातात, आणि शेवटी वायर वाकवली की ते कपच्यांसारखे गळून पडते. अशी वायर जागची हलली नाही तोवर चालते. कोणी पंखा बदलायला बोर्ड उघडतो, वायर ओढतो आणि त्याच संध्याकाळी फ्यूज उडू लागतो. वायरमनने काही बिघडवलेले नसते. गळायला आलेले आवरण त्याच्या हाताने गळाले, इतकेच.

या जुन्या तारेच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालत आणि गंधकाने तांबे खराब होते, म्हणून तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा देत. त्यामुळे ती रुपेरी दिसते आणि ॲल्युमिनियमची वाटते. मेन बंद करून तारेचे टोक ब्लेडने हलके खरवडले की उलगडा होतो. आत तांबूस रंग दिसला तर तांबे, पांढरेच राहिले तर ॲल्युमिनियम. हा फरक कळणे गरजेचे आहे, कारण दोन्हींची दुखणी वेगळी.

ॲल्युमिनियमच्या वायरचा काळ साधारण १९६० ते १९८० च्या दशकांचा. तांबे आयात करावे लागे, परकीय चलन तुटपुंजे होते, म्हणून घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम सर्रास वापरले गेले. त्या काळातल्या सोसायट्या, वसाहती आणि बंगले आज विक्रीला येतात तेव्हा ही वायर बऱ्याचदा भिंतीत तशीच असते. ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण साठ टक्के आहे, म्हणजे त्याच जाडीच्या तारेला कमी भार झेपतो. पण खरा घात होतो तो स्क्रूखाली. हा धातू मऊ आहे. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो, तापला की फुगतो, निवला की आकसतो आणि काही वर्षांत पकड सैल होते. शिवाय हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो थर वीज वाहू देत नाही. पुढे कोणीतरी नवा पॉइंट काढताना त्याला तांब्याची वायर पिळून जोडतो आणि वर टेप मारतो. दोन धातूंचा तो पीळ ओल्या हवेत गंजत जातो.

सैल जोडात किती उष्णता निर्माण होते, याचा हिशोब प्रत्येक घर घेणाऱ्याने एकदा करून पाहावा. समजा जोडात अर्धा ओहम अडथळा आहे. दोन किलोवॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर घेतो. नऊचा वर्ग एक्याऐंशी, त्याच्या निम्मे म्हणजे चाळीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच शक्तीवर कथिल वितळवते. इथे तेवढी उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पेटीत कोंडून राहते आणि आंघोळी आटपेपर्यंत रोज मिळत राहते. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, या प्रकारात पडत नाही. त्याच्या लेखी नऊ अँपिअर म्हणजे नेहमीचाच प्रवाह. म्हणून ‘सगळीकडे एमसीबी बसवलेत, काळजी नको’ हे घरमालकाचे बोलणे मनापासूनचे असले तरी पुरेसे नसते. सैल जोड हाताने, नाकाने आणि डोळ्यांनीच शोधावा लागतो. पिवळी-तपकिरी पडलेली स्विचची प्लेट, सॉकेटच्या भोकाभोवती काळे वर्तुळ, गीझर चालू असताना कोमट लागणारे बटण, बोर्डाजवळ येणारा जळक्या बॅकेलाइटचा उग्र वास आणि कानाला लागणारी बारीक चरचर, या त्याच्या खुणा.

त्यानंतरची पिढी पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या वायरची. ती बरी, पण अमर नाही. साधे पीव्हीसी सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनते. वारंवार त्याच्या वर तापले की कडक होऊन तडकते. तीस वर्षांपूर्वीची पीव्हीसी वायर दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर मऊ आणि धडधाकट असते. त्याच घरातली, त्याच दिवशी घातलेली गीझरची वायर काडीसारखी मोडते. तपासणीत म्हणूनच दिवाणखान्याचा बोर्ड उघडून समाधान मानू नये. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचे बोर्ड आधी उघडावेत.

वायरची जाडी जुने वायरमन आकड्यांच्या जोडीने सांगतात: १/१८, ३/२२, ३/२०, ७/२०. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेचा गेज, आणि गेज जितका मोठा तितकी तार बारीक. आजच्या मापात १/१८ आणि ३/२२ या दोन्ही सुमारे १.२ चौरस मिलिमीटर, ३/२० सुमारे २ आणि ७/२० सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर होतात. आज दिव्या-पंख्यांना १.५, सोळा अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घालण्याची पद्धत आहे. जुन्या घरात गीझरच्या सॉकेटमागे ३/२२ निघाली तर तिथल्या प्लेटा कितीही चकचकीत असोत, ते सर्किट नव्याने घालायचे आहे असे धरून चालावे. विक्रीपूर्वी घराला रंग देताना पाचशे-हजार रुपयांच्या नव्या प्लेटा बसवणे सोपे असते, आणि प्लेट नवी दिसली की आत डोकवायचे कोणाला सुचत नाही.

तपासणीचा क्रम मीटरपासून आत, असा ठेवावा. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतांशी अदानी किंवा टाटा पॉवर, राज्याच्या बहुतेक बाकी भागात महावितरण आणि गोव्यात सरकारचे वीज खाते पुरवठा करते. मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची. मीटरच्या पुढची वायर ग्राहकाची किंवा सोसायटीची. मीटर तळमजल्यावर आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर मधली वायर कोणीच पाहिलेली नसते. घरातले सगळे वायरिंग नवे आणि मीटरपासून वर येणारी वायर चाळीस वर्षांची, असे हमखास आढळते. अनेक चाळींत मीटरची खोली जिन्याखाली असते, तिथेच सायकली आणि जुने सामान रचलेले असते, आणि खाली उतरायला जिना तेवढा एकच. घर कितीही आवडले तरी ही खोली पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

मीटरनंतर मेन स्विच आणि फ्यूज. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर ते ओढून आतली तार पाहावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे वायरीतली जाड तांब्याची तार पिळून बसवलेली असली, तर ते सर्किट तेवढी वर्षे विनासंरक्षण चालले आहे आणि त्यातली वायर तापून गेली आहे, असा त्याचा अर्थ. एमसीबी असतील तर त्यांवरचे आकडे वाचावेत. सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी पडत राहिला म्हणून बत्तीसचा बसवला, हा जाड तार घालण्याच्या युक्तीचाच नवा अवतार. एमसीबी वायरला जपण्यासाठी असतो. वायरला झेपेल त्याहून मोठा आकडा लावला की वायर आधी जळते आणि एमसीबी मग पडतो.

जुन्या बोर्डात आणखी एक धोका लपलेला असतो. पूर्वी वीज आणणाऱ्या फेजबरोबर ती परत नेणाऱ्या न्यूट्रलवरही फ्यूज ठेवत. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवे जातात, घर मेल्यासारखे दिसते, पण फेज प्रत्येक पॉइंटपर्यंत जिवंत असते. तसाच प्रकार स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असेल तेव्हा होतो. बटण बंद, दिवा बंद आणि होल्डरमध्ये करंट हजर. दिवा बदलताना शॉक बसतो तो बहुधा इथे. वायरमनकडून प्रत्येक खोलीत बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावून घेतला की अर्ध्या तासात हे उघड होते.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण यातला दोष एरवी कधीच जाणवत नाही. सॉकेटला तीन भोके आहेत म्हणून मागे तीन वायर आहेत असे नसते. दोन वायरींच्या जुन्या जाळ्यावर तीन पिनांचे सॉकेट बसवून वरचे मोठे भोक रिकामे सोडलेले असते. याहून वाईट म्हणजे आतल्या आत अर्थची पिन न्यूट्रलला तुकडा लावून जोडलेली असते. टेस्ट लॅम्प लावला तर तो झक्क पेटतो आणि अर्थिंग असल्याचा भास होतो. पुढे कधी न्यूट्रल तुटली की फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे, गीझरचे पत्र्याचे अंग थेट फेजवर येते. मल्टिमीटर इथे उपयोगी पडतो. थोडा भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्ट-दोन व्होल्ट दिसणे नेहमीचे आहे. ठार शून्य दिसले तर त्या सॉकेटचे स्क्रू काढून आत पाहावे. कुठेच न जोडलेल्या अर्थवर मीटर अधांतरी कुठलाही आकडा दाखवतो, आणि तो प्रत्येक वेळी बदलतो.

पूर्वी अर्थिंगसाठी पाण्याच्या लोखंडी नळाला वायर बांधत. नळ जमिनीतून येत असल्याने ते काम चालून जाई. नंतर गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे घातले गेले आणि त्या दिवशी साऱ्या घराचे अर्थिंग तुटले. प्लंबरला ते ठाऊक नव्हते आणि वायरमनला कोणी बोलावले नाही. घरातले नळकाम नवे असल्याचे मालक अभिमानाने सांगत असेल, तर अर्थची वायर कुठे जाते हा प्रश्न त्याच वेळी विचारावा. बंगल्यात किंवा बैठ्या घरात अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र असतो. मीठ-कोळशात पुरलेला जीआय पाइप, वरचा नट-बोल्ट गंजलेला आणि उन्हाळ्यात पाणी न घातल्याने माती भेगाळलेली, ही त्याची नेहमीची अवस्था. कोकण-गोव्याच्या जांभ्या जमिनीत कोरड्या दिवसांत अर्थिंगचा अडथळा फार वाढतो.

अर्थिंग आहे पण कमजोर आहे, अशा घरात काय होते? अडथळा वीस ओहम धरू. गीझरच्या अंगावर फेज उतरली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरचा एमसीबी पडणार नाही, आणि ओल्या पायांनी नळ धरणाऱ्या माणसाला त्या गीझरचा जीवघेणा शॉक बसू शकतो. या फटीसाठी आरसीसीबी आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो, आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतो. नऊ वॅटचा एलईडी दिवा याहून अधिक प्रवाह घेतो, इतकी ही मर्यादा बारीक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा आहे. जुन्या घरांत मुळात आरसीसीबी नसणे स्वाभाविक आहे. आजही तो नसणे हा दोष आहे, आणि खर्चाच्या मानाने इतका जीव वाचवणारी दुसरी वस्तू घराच्या विजेत नाही. त्यावरचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का हे खरेदीदाराने स्वतः पाहावे. न पडला तर तो शोभेचाच समजावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आली तर मात्र तो वाचवत नाही, आणि जास्त भार किंवा शॉर्ट सर्किटसाठी एमसीबी वेगळा लागतोच.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो पडतच राहतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि मग कोणीतरी तो काढून टाकतो. ही मोठी चूक आहे. तो पडतो त्याची कारणे बहुधा दोन. एक, ओल धरलेल्या किंवा आवरण गेलेल्या वायरमधून खरोखर प्रवाह गळतो आहे. दोन, पूर्वी कोणी तरी एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्यात उसनी घेतली आहे. दोन्ही दोष आधीपासून होते. आरसीसीबीने ते फक्त दाखवले.

गळतीची खरी परीक्षा मेगरने होते. मेन बंद करायचा, सगळी उपकरणे प्लगमधून काढायची, दिवे उतरवायचे, बटणे चालू ठेवायची आणि वायर व अर्थ यांच्यात ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा अडथळा मोजायचा. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर त्या सर्किटच्या आवरणावर विसंबता येत नाही. टीव्ही किंवा इन्व्हर्टर जोडलेला राहिला तर तो या दाबाने बिघडू शकतो, म्हणून हे काम जाणकाराचेच. आकडा ऋतूनुसार बदलतो. बरेच लोक घरे पाहतात ती दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात, भिंती कोरड्या असताना. तेव्हा मेगर चांगला आकडा दाखवतो. तेच घर श्रावणात मोजले, विशेषतः गच्चीखालचा मजला आणि पश्चिमेची भिंत, तर आकडा घसरतो. कोरड्या दिवसांत जेमतेम उत्तीर्ण होणारे वायरिंग पावसाळ्यात नापास होणार असे समजावे.

बैठी घरे आणि वाडे यांची तपासणी थोडी वेगळी. वाड्यात बिऱ्हाडे वेगळी होत गेली तसे नवे मीटर आले, आणि एका भिंतीवर तीन पिढ्यांच्या वायरी साचल्या. त्यातल्या कोणत्या बंद आणि कोणत्या चालू हे मालकालाही सांगता येत नाही. ‘ती वायर बंदच आहे’ हे वाक्य टेस्टर लावल्याशिवाय कधीही खरे मानू नये. कौलारू घरात वायर वाशांवरून जाते आणि माळ्यावरचे उंदीर तिचे आवरण कुरतडतात. लाकडी बोर्ड आणि बॅटनला वाळवी लागते. पत्र्याच्या छपराच्या घरात खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासते. आवरण झिजले की करंट पत्र्यात उतरतो, तिथून लोखंडी खांबात आणि खांबाला बांधलेल्या कपडे वाळत घालण्याच्या तारेत. पावसाळ्यात ओले कपडे टाकताना माणसे दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यामागे बहुतेकदा हेच असते. घर पाहताना वर मान करून ती वायर पत्र्याला कुठे टेकते का, एवढे पाहायला मिनिटही लागत नाही.

तपासणी अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा परवाना असलेल्या तारतंत्रीकडून करून घ्यावी आणि निष्कर्ष लेखी घ्यावा. दोष थोडे असतील, म्हणजे वायर पीव्हीसीची, तांब्याची आणि मेगरवर ठीक असेल, तर गीझर, एसी आणि शेगडीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायरी, नवी डीबी (एमसीबींची पेटी), आरसीसीबी आणि अर्थिंग एवढ्यावर भागते. वायर रबराची किंवा ॲल्युमिनियमची निघाली तर अर्धवट दुरुस्तीत पैसा घालू नये. सगळे वायरिंग बदलावे. भिंतीतला पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेता येते. पाइप गंजला किंवा चेपला असेल तर भिंत फोडावी लागते, आणि अर्ध्या विटेच्या भिंतीत आडवी खोल खाच घेतली तर ती कमजोर होते. हा सगळा खर्च टाइल्स, रंग आणि फॉल्स सीलिंगच्या आधी धरायचा असतो. नंतर सुचले तर दुप्पट तोडफोड होते.

वीजबिलावरचा मंजूर भारही पाहावा. जुन्या जोडणीला तो एक-दोन किलोवॅटच असतो. वाढवून घ्यायचा तर ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि इमारतीची मुख्य केबल तेवढी पेलेल का हा प्रश्न सोसायटीपुढे येतो. तीस वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावे असे गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. ते मागताना मीटरच्या खोलीची आणि मुख्य केबलची शेवटची दुरुस्ती कधी झाली, हेही सचिवांकडून लेखी मागावे.

दोष सापडले म्हणून घर सोडून द्यावे असे मुळीच नाही. जुन्या घरांच्या जाड भिंती, उंच छते आणि मोकळी हवा नव्या घरांत मिळत नाही, आणि वायरिंग ही घरातली बदलता येण्याजोगी गोष्ट आहे. त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागण्याची वेळ मात्र विसार देण्यापूर्वीचीच. तेव्हा टोकन हातावर ठेवण्याआधी मालकाला एवढेच म्हणावे: मेन बंद करा आणि स्वयंपाकघरातला एक बोर्ड उघडू द्या. चार स्क्रू काढायला पाच मिनिटे लागतात.